हजेरी, खाडा आणि आपल्या उसाचा उतारा



हजेरीचे नियम हा विषय टाइम ऑफिसचा आणि कामगारांचा, ऊस पिकवणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. सर्वसाधारण सभेत प्रश्न येतात ते दराचे, तोडीच्या क्रमाचे आणि वजनकाट्याचे. हजेरीचा प्रश्न आलाच तर दोन टोकांनी येतो. एखादे सभासद उठून विचारतात, "एवढी माणसं पगारावर आहेत, मग रात्री गव्हाणीजवळ एक माणूस जागेवर का सापडत नाही?" आणि चार दिवसांनी तेच सभासद संचालकांच्या ओसरीवर बसून सांगतात, "पोराचे दोन खाडे पडलेत, घरात लग्न होतं. एवढं साहेबांच्या कानावर घाला." दोन्ही बोलणी खरी असतात. सहकारी कारखान्यात मालक आणि कामगार पुष्कळदा एकाच घरात, एकाच पंगतीला जेवतात, त्यामुळे हा गुंता इतर कारखानदारीपेक्षा आपल्याकडे जास्त. म्हणून हे नियम काय आहेत, ते कशासाठी आहेत आणि कोठे तोकडे पडतात, हे सभासदांनीही समजून घेतलेले बरे.

कचेरीतला कारकून अर्धा तास उशिरा आला तर त्याच्या टेबलावरचे कागद अर्धा तास पडून राहतात. गळीत हंगामातल्या कारखान्यात तसे चालत नाही. पहिली मोळी गव्हाणीत पडल्यापासून शेवटची मोळी पडेपर्यंत कारखाना रात्रंदिवस चालतो, आणि प्रत्येक जागेवर तीन पाळ्यांत माणूस लागतो. आपल्या भागातल्या अनेक कारखान्यांत पहाटे ४ ते दुपारी १२, दुपारी १२ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते पहाटे ४ अशा पाळ्या असतात. भोंगा त्यासाठीच. शेजारच्या गावांनी त्यावर चहाची आणि धार काढायची वेळ ठरवली, हा त्याचा वरकड उपयोग.

आता एक साधा हिशेब करू. आठवड्याचे तास होतात १६८. एका माणसाकडून आठवड्याला घ्यायचे तास ४८. म्हणजे हंगामात सतत भरलेल्या एका जागेसाठी तीन नव्हे, साडेतीन माणसे लागतात. हा वरचा अर्धा माणूस म्हणजे साप्ताहिक सुट्टीवर गेलेल्याची जागा भरणारा रिलीव्हर. दोन जागांना मिळून सात माणसे, असे धरले की हिशेब बरोबर बसतो. यात आजारपण, रजा, मयत-बारावे काहीच धरलेले नाही. सभासद विचारतात, "तीन पाळ्यांना तीन माणसं पुरतात, मग पटावर जास्त कशाला?" त्याचे उत्तर या हिशेबात आहे. आणि पट इतका मोजून-मापून असल्यामुळेच एक अनपेक्षित खाडा पडला की ओढाताण सुरू होते.

ओढाताण कशी होते ते पॅनवर पाहावे. साखरेचे दाणे जेथे तयार होतात त्या पॅनवरचा माणूस बदलताना नुसते "मी आलो, तू जा" म्हणून भागत नाही. पॅन कोठवर आला आहे, दाणा कसा बसला आहे, रस किती ओढला, वाफेचा दाब कसा आहे, हे येणाऱ्याने जाणाऱ्याकडून समजून घ्यायचे असते. पाळी सुटण्याच्या वेळेला आणि पॅन उतरायच्या वेळेला एकमेकांचे देणेघेणे नसते. पाळी बदलते तेव्हा पॅन अर्ध्यावरच असतो. म्हणून अशा जागांवरचा नियम असा की, बदलीचा माणूस येऊन ताबा घेईपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. येणारा वीस मिनिटे उशिरा आला तर जाणाऱ्याची पाळी वीस मिनिटांनी लांबते. आणि येणारा आलाच नाही, तर जाणाऱ्याला आणखी आठ तास उभे राहावे लागते. यालाच डबल ड्युटी म्हणतात. तिचा जादा पगार दुपटीने द्यावा लागतो, ते एक वेळ परवडले. पण सोळाव्या तासाला डोळे जड झालेला माणूस फिरत्या यंत्राजवळ उभा करणे परवडत नाही. बॉयलरवर तर प्रश्न आणखी अवघड. तेथे रीतसर प्रमाणपत्र असलेलाच अटेंडंट लागतो. तो आला नाही म्हणून यार्डातला माणूस आणून उभा करता येत नाही.

यात उसाचा संबंध कोठे आला? दिवसाला २,५०० टन गाळणारा कारखाना धरला तर तासाला शंभरावर टन ऊस चरकातून जातो. तासभर कारखाना बंद राहिला म्हणजे तेवढा ऊस वाया गेला, असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. तो ऊस पुढे गाळला जातोच. नुकसान होते ते थांबण्याने. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे शास्त्र सांगते. त्यापुढे प्रत्येक तासाला त्यातले पाणी उडते, वजन घटते, आणि आतली साखर फुटून तिची दाणा न धरणारी साखर होऊ लागते. फेब्रुवारीनंतर ऊन चढले की हे फार वेगाने होते. काट्यावर जाण्याआधी जे वजन घटते ते ज्याचा ऊस त्याच्या पदरी. काट्यानंतर जी साखर फुटते ती सगळ्यांच्या उताऱ्यातून जाते. रांगेत ट्रॅक्टर उभा असलेल्या सभासदाला पहिले नुकसान डोळ्यांना दिसते. दुसरे दिसत नाही, पण ते सर्वांच्या बिलात येते.

किती येते तेही पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यावर प्रत्येक ०.१ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे वाढ; आणि उतारा खाली आला तर साडेनऊ टक्क्यांपर्यंत त्याच प्रमाणात घट. ०.१ टक्का म्हणजे टनामागे एक किलो साखर. पाच लाख टन गाळप धरले तर ती ५,००० क्विंटल होते. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला हा फरक ३,४६० रुपयांचा पडतो. उतारा घटतो तो केवळ कामगारांच्या उशिरामुळे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. उसाची जात, तोडणीचे वय, पाऊस, खोडवा, पाचट अशी त्याची मोठी कारणे शेतातच आहेत. पण कारखान्याच्या हातात जेवढे आहे, त्यात बंद तास कमी ठेवणे हे पहिले. बंद तासांत मोठा वाटा यंत्रबिघाडाचा असो की ऊस कमी पडल्याचा, वेळेवर फिटर हजर असला तर दहा मिनिटांत आवरणारे काम तो नसला की दीड तासावर जाते, हे कोणत्याही चीफ इंजिनिअरला विचारावे.

आता कायद्याकडे वळू. आठ तास आणि आठवड्याची सुट्टी ही काही मालकांनी आपखुशीने दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे चळवळ केल्यावर. आपल्या धंद्यापुरते बोलायचे तर १९३४ च्या कारखाने कायद्यात बारमाही कारखान्याला आठवड्याचे ५४ तास होते, आणि साखर, गूळ, चहा, जिनिंग अशा हंगामी कारखान्यांना ६०. दिवसाला ११ तासांपर्यंत. हंगाम थोडा, तेव्हा माणूस जास्त राबवला तरी चालेल, असा त्यामागचा विचार. १९४८ च्या कायद्याने हा भेद काढून टाकला आणि सर्वांना ४८ तास केले. महाराष्ट्रातली सहकारी साखर कारखानदारी त्यानंतरची. प्रवरेच्या कारखान्याचे पहिले गाळप १९५० सालचे. म्हणजे आपले कारखाने आठ तासांच्या पाळीतच जन्माला आले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या आणि १९४८ चा कारखाने कायदा, १९३६ चा वेतन अदायगी कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा हे सर्व त्यांत सामावले गेले. हजेरीच्या दृष्टीने मूळ गाभा बदललेला नाही. आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत, जादा कामाला दुप्पट दर तसाच आहे. भरपगारी रजेत मात्र कामगाराचा फायदा झाला. पूर्वी वर्षात २४० दिवस भरल्याशिवाय ती लागू होत नसे; आता १८० दिवस पुरेत, दर वीस दिवसांना एक दिवस. शे-दीडशे दिवसांच्या हंगामात काम करून घरी जाणाऱ्या हंगामी कामगाराला पूर्वी २४० चा उंबरठा ओलांडणे कठीणच होते. १८० चा उंबरठा काहींना जवळ आला आहे, आणि म्हणूनच हंगामाच्या दोन्ही टोकांना, ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत, त्यांच्या हजेरीची नोंद नीट होणे महत्त्वाचे. एक-एक दिवस मोजला जाणार आहे.

उशिराच्या कपातीबद्दल दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. कामगाराला वाटते, पाच मिनिटांसाठी पगार कापणे हा जुलूम. काही अधिकाऱ्यांना वाटते, एक तास उशीर झाला की अर्धा दिवस कापला तर धाक बसतो. कायदा म्हणतो, जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता तेवढ्याच वेळाचा पगार कापा, त्याहून जास्त प्रमाणात नाही. तासाचा उशीर असेल तर तासाचेच वेतन. त्याहून पुढे दंड करायचा असेल तर तो कोणत्या चुकीला, हे आधी जाहीर केलेले हवे, त्या यादीला मंजुरी हवी, माणसाला आपली बाजू मांडू द्यायला हवी, आणि त्या पगारमुदतीतला एकूण दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. दंडाची रक्कमही कारखान्याच्या नफ्यात जात नाही. ती नोंदवून कामगारांच्याच हिताला लावायची असते. हे नियम १९३६ पासूनचे आहेत आणि २०१९ च्या वेतन संहितेने तेच पुढे चालवले. "तीन लेट मार्कला एक किरकोळ रजा" हा प्रकार वेगळा. तो पगारकपातीत बसत नाही, रजेच्या नियमात बसतो, आणि तो त्या-त्या ठिकाणच्या स्थायी आदेशात किंवा कराराने ठरलेला असेल तरच लागू होतो. साहेबांच्या मर्जीने नाही.

मुळात पाच-दहा मिनिटांची सवलत ठेवणे शहाणपणाचे असते. आमच्याकडे माणसे दहा-पंधरा किलोमीटरवरून सायकलने, मोटारसायकलने येतात. हंगामात रस्ता उसाच्या वाहनांनी भरलेला. पण सवलतीची एक गंमत आहे. दहा मिनिटांची सवलत जाहीर केली की महिनाभरात पाळी चारची न राहता चार वाजून दहा मिनिटांची होते. म्हणून काही ठिकाणी सवलत रोजची न ठेवता महिन्याची ठेवतात. महिन्यातून इतक्या वेळा चालेल, त्यापुढे कारण लिहून द्यायचे. हा उपाय बरा, कारण त्यात एखाद्या दिवशी टायर पंक्चर झालेला माणूस आणि रोज उशिरा येणारा माणूस वेगवेगळे दिसतात. नेहमीचा उशीर ही शिस्तभंगाची बाब धरली आहे, एखाद-दुसरा नव्हे.

मशिनचे तेच. पूर्वी पितळी टोकन होते, मग हजेरीपुस्तकावरची सही, मग पंच कार्ड. मित्राचे कार्ड मित्र पंच करायचा म्हणून बोटाच्या ठशाची यंत्रे आली. पण चुना, ग्रीस आणि ऊस हाताळणाऱ्या माणसाच्या बोटाचे ठसे झिजलेले असतात. यंत्र त्याला ओळखत नाही, आणि तो बिचारा फाटकाशी अंगठा पुसत उभा. २०२० साली करोना आला तेव्हा एकाच काचेवर सर्वांनी बोट टेकवणेच धोक्याचे ठरले. आता चेहरा ओळखणारी यंत्रे येत आहेत. यंत्र कोणतेही असो, ते एवढेच सांगते की माणूस अमुक वेळेला फाटकातून आत आला. तो सेंट्रिफ्युगलवर गेला की कँटीनला, हे यंत्राला ठाऊक नसते. फाटकावरची हजेरी आणि जागेवरची हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी घ्यायला पाळीचा इंजिनिअर किंवा केमिस्ट पाळी लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात प्लँटमधून फिरावा लागतो. लाखभर रुपयांच्या यंत्रापेक्षा हा फेरा जास्त उपयोगी पडतो, असे या लेखकाचे मत आहे. साहेब स्वतः वेळेवर आले पाहिजेत, हे त्यात ओघाने आलेच.

दीर्घ गैरहजेरीचा मुद्दा सभासदांच्या चर्चेत फार येतो. "महिनाभर आला नाही, काढून टाका ना!" असे सहज बोलले जाते. दहा दिवसांवर विनापरवाना गैरहजेरी हे आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तन धरलेले होते, हे खरे. पण १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव यांच्या खटल्यात स्पष्ट केले की, इतके दिवस न आल्यास नोकरी आपोआप संपली असा नियम कागदावर असला, तरी त्या माणसाला म्हणणे मांडू दिल्याशिवाय काढता येत नाही. त्या प्रकरणात कामगाराचे म्हणणे असे होते की, तो गैरहजर नव्हता, त्याला फाटकातून आतच घेतले नव्हते. न्यायालयाने त्याला कामावर परत घ्यायला लावले आणि मागच्या पगाराचा निम्मा भागही द्यायला लावला. पुढे २०१२ साली, केंद्र सरकारच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने म्हटले की गैरहजेरी मुद्दाम केलेली होती हे सिद्ध व्हायला हवे. अपघात, आजारपण, पोहोचताच न येणे ही कारणे असू शकतात. तेव्हा चौकशी न करता तडकाफडकी काढलेला माणूस काही वर्षांनी मागच्या पगारासह परत येतो, आणि तो पगार जातो सभासदांच्याच खिशातून. रजिस्टर टपालाने नोटीस पाठवणे, पोच जपून ठेवणे, चौकशी करणे ही कामे कंटाळवाणी आहेत. ती टाळणे महाग पडते.

एक खाडा मात्र कोणत्याही यंत्रात नोंदला जात नाही, आणि त्याबद्दल या पानांतून फारसे लिहिले जात नाही. तो आपल्या फडातला. ऊस तोडायला आलेला नवरा-बायकोचा कोयता मुकादमाकडून उचल घेऊन आलेला असतो. जोडीतले एक जण आजारी पडले, बाईची मासिक पाळी असली, पोर तापाने फणफणले, आणि त्या दिवशी कोयता चालला नाही, की खाडा धरला जातो. पुष्कळ ठिकाणी दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत मिळवला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या चर्चेत या खाड्याच्या दंडाची भीती हेही एक कारण म्हणून पुढे आले. कारखान्याच्या फाटकाच्या आत उशिराच्या दंडाला ३ टक्क्यांची मर्यादा, यादी, मंजुरी, बाजू मांडण्याची संधी. फाटकाबाहेर, आपल्याच बांधावर, त्याच उसासाठी राबणाऱ्या बाईला यातले काही नाही. तोडणी-वाहतुकीचा करार मुकादमाशी होतो, त्यामुळे कारखाना आणि सभासद दोघेही हात झटकून मोकळे होतात. त्या करारात आजारपणाच्या खाड्याला दंड नाही, एवढे एक कलम घालायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

राहिला प्रश्न शिफारशीचा. नियम सर्वांना सारखा लागू होतो की नाही, हे पाळीतली माणसे एका आठवड्यात ओळखतात. अमक्याच्या पोराचा खाडा रजेत बसला आणि तमक्याचा बिनपगारी गेला, की तमका पुढच्या वेळी कारण सांगायलाही येत नाही. संचालकांकडे शब्द टाकताना सभासदाला वाटते की आपण फक्त एका दिवसाच्या पगाराचे बोलतो आहोत. लग्न असेल तर रजेचा अर्ज चार दिवस आधी द्यावा. टाइम ऑफिस रिलीव्हरची सोय करू शकते. न सांगता पडलेला खाडा आणि सांगून घेतलेली रजा यांत पगाराचा फरक थोडा असेल, पण पॅनवर सोळा तास उभ्या राहिलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी पोराला तो फरक चांगला कळतो.

येत्या सभेपूर्वी अहवाल हाती येईल तेव्हा ताळेबंदाच्या अलीकडची तांत्रिक पाने चाळून पाहावीत. गाळपाचे एकूण तास किती, बंद तास किती, ते कोणत्या कारणाखाली दाखवले आहेत, हे तेथे असते. मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवावा. पगार-मजुरीच्या खात्यात ओव्हरटाइमची रक्कम वेगळी दाखवली नसेल तर ती विचारावी, आणि ती वाढली असेल तर कोणत्या खात्यात वाढली तेही विचारावे. वाढ एकाच खात्यात असेल तर तेथे माणसे कमी आहेत किंवा खाडे जास्त आहेत. दोन्हींचे उपाय निराळे. प्रश्न लेखी, सभेच्या आधी, कचेरीत दिले तर उत्तर आकड्यांसह मिळते.